मुंबई ते ऑकलंड: आईबाबांना कुठल्या मार्गाने पाठवू?

पार्लेकर_निनाद:
नमस्कार मंडळी. बहीण ऑकलंडला असते, फेब्रुवारीच्या शेवटी तिची तारीख आहे आणि आईबाबा बाळंतपणासाठी जानेवारीत निघणार, मुक्काम चांगला पाच महिन्यांचा. आई 66, बाबा 71. बाबांना डायबेटिस आणि एका गुडघ्याची कुरकुर. आई खणखणीत आहे पण इंग्रजी बोलायची वेळ आली की बाबांकडे बघते, आणि बाबा कानाचं मशीन लावायला तयार नाहीत, म्हणजे बघा. विमान नवीन नाही दोघांना, पण आजवर जे उडाले ते देशातल्या देशात. व्हिसा आलाय. घोडं अडलंय तिकिटापाशी.

थेट विमान नाही हे कळलं. सिंगापूर, हाँगकाँग, क्वालालंपूर, दुबई, दोहा, सिडनी असं काय काय स्क्रीनवर येतं आणि मधला थांबा दीड तासापासून ते एकोणीस तासांपर्यंत काहीही. सगळ्यात स्वस्त पडतंय ते मुंबई-सिंगापूर एका बजेट कंपनीचं आणि सिंगापूर-ऑकलंड दुसऱ्याच कंपनीचं, दोन वेगळी तिकिटं. दोघांचे मिळून तीसेक हजार वाचतायत. बाबा म्हणतात तेच घे, उगाच पैसे कशाला घालवायचे. बायको म्हणते अजिबात नाही. मी मधे. ज्यांनी आईवडिलांना पाठवलंय त्यांनी सांगा प्लीज.

चाकरमानी_कांजूर:
बायको म्हणते तेच कर. धागा संपला :)

विमानवेडा:
आधी नकाशा डोळ्यासमोर आण. मुंबई ते ऑकलंड कमीत कमी अंतर साधारण 12,300 किमी. मुंबई-सिंगापूर 3,900 आणि सिंगापूर-ऑकलंड 8,400, बेरीज कर, तेवढीच येते. म्हणजे सिंगापूर अगदी वाटेवर आहे, वळसा जवळजवळ नाहीच. पहिला टप्पा साडेपाच तासांच्या आसपास, दुसरा दहा तासांच्या आतबाहेर. येताना हा ऑकलंड-सिंगापूर टप्पा थोडा लांबतो कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते समोरून लागतात.

आता दुबई बघ. दुबई-ऑकलंड सलग 14,200 किमी, सोळा तास, जगातल्या सगळ्यात लांब नियमित फेऱ्यांपैकी एक आहे ती, मार्च 2016 मध्ये सुरू झाली. त्यात मुंबई-दुबईचे 1,900 वेगळे आणि तेही उलट्या दिशेने. पार्ल्याहून कल्याणला जायचंय म्हणून आधी चर्चगेट गाठायचं, तसला प्रकार. तरी लोक जातात, कारण ए380 विमान प्रशस्त असतं, शांत असतं आणि सीझन नसेल तर भाडंही बरं मिळतं. पण 71 वर्षांच्या माणसाला गुडघा दुमडून सलग सोळा तास? मी नाही देणार सल्ला.

गिरगावकर_जुने:
सोळा तास सलग म्हणे! एअर इंडियाचं पहिलं मुंबई-लंडन विमान 8 जून 1948 ला सुटलं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं, 'मलबार प्रिन्सेस' नाव त्या विमानाचं, कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं. आम्ही पोरं रविवारी सांताक्रूझला नुसती विमानं बघायला जायचो. आता तुम्ही लोक दीड तासाचा थांबा की चार तासाचा यावर भांडता, चालू द्या.

निनाद, वडिलांना हिंगाष्टक चूर्णाची पुडी दे बरोबर. विमानात पोट फुगतं. बाकी तज्ज्ञ सांगतीलच.

दूरदेशी_वैदेही:
मी मूळची डोंबिवलीची, आता बरीच वर्षं ऑकलंडला. माझे आईबाबा आणि सासूसासरे दोन्ही पार्ट्या येऊन गेल्यात, त्यामुळे अधिकारवाणीने लिहिते.

दोन वेगळ्या तिकिटांचा नाद सोड. का ते सांगते, कारण तिकिटाच्या साइटवर हे कुणी लिहीत नाही. वेगळं तिकीट म्हणजे तुमच्या बॅगा सिंगापूरच्या पट्ट्यावर येणार. तो पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे. म्हणजे आईबाबांना कागदोपत्री सिंगापूर देशात शिरावं लागणार आणि भारतीय पासपोर्टला त्यासाठी व्हिसा लागतो. न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल तर 96 तासांपर्यंत बिनव्हिसा थांबायची एक सवलत आहे खरी, पण तिला अटी आहेत, पुढचं पक्कं तिकीट दाखवायला लागतं आणि आत सोडायचं की नाही हे शेवटी काउंटरवरचा माणूस ठरवतो. समजा सोडलं. मग बॅगा उचला, ट्रॉली ढकला, दुसऱ्या टर्मिनलला जा, पुन्हा काउंटर उघडायची वाट बघा, पुन्हा वजन, पुन्हा इमिग्रेशन, पुन्हा सिक्युरिटी. आणि मुंबईचं विमान तीन तास उशिरा सुटलं तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, तिकीट गेलं, बऱ्याचदा त्याच बुकिंगमधली परतीची सीटसुद्धा गेली.

एकाच बुकिंगवर दोन्ही टप्पे असतील तर बॅगा मुंबईत टाकल्या की थेट ऑकलंडला, दोन्ही बोर्डिंग पास मुंबईतच हातात, सिंगापूरला व्हिसा नाही काही नाही, आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची. तीस हजार त्याचे आहेत.

बजेटपंत:
मी जरा वेगळं बोलतो. सगळे एका सुरात एकच तिकीट एकच तिकीट करतायत पण तीस हजार हे तीस हजार असतात, झाडाला लागत नाहीत. मी पर्थला असाच तुकड्यातुकड्यांनी गेलोय, मधे मुद्दाम एक रात्र सिंगापूरला ठेवली, व्हिसा आधीच काढलेला, लिटिल इंडियात जेवलो, आडवा झालो, दुसऱ्या दिवशी ताजातवाना पुढच्या विमानात. उलट सलग प्रवासापेक्षा पाठीला बरं. दोन तासांचं गणित घालून दोन तिकिटं काढणारे रडतात, ते सोडा, पण मधे रात्र ठेवली तर धोका काय उरला? उगाच ज्येष्ठांना काही जमत नाही असं धरून चालू नका.

दूरदेशी_वैदेही:
पंत, पर्थला तुम्ही गेलात हो. इथे इमिग्रेशनवाल्याने काही विचारलं तर बाबांना ऐकू जाणार नाही आणि आई बाबांकडे बघणार. शिवाय पाच महिन्यांचं सामान, बाळंतपणाचं सामान, ते रात्रीपुरतं हॉटेलात चढवायचं-उतरवायचं. हॉटेल, टॅक्सी, व्हिसाची फी धरली तर तीसातले उरतात किती तेही मांडा.

बजेटपंत:
सामानाचा मुद्दा मान्य. बाकी माझं मत तेच.

साधीसुधी:
सिडनीचा पर्याय आधी काढून टाक यादीतून. ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो, सबक्लास 771. फी नाही त्याला, पण अर्ज करावा लागतो, कागद लागतात, आणि नसेल तर मुंबईतच चेक-इनवाले चढू देत नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना सहारवरून परत यावं लागलं होतं, एजंटने काही सांगितलंच नव्हतं.

पार्लेकर_निनाद:
बापरे, हे माहीतच नव्हतं. सिडनी कट. दोन तिकिटंही कट, वैदेहीताईंची पोस्ट बाबांना वाचून दाखवली, मोठ्याने, दोनदा. शेवटी म्हणाले "बरं". आता सिंगापूर, हाँगकाँग आणि क्वालालंपूर यात काय? आणि कनेक्शन किती तासांचं घेऊ? दीड तासवालं सगळ्यात लवकर पोचवतंय.

विमानवेडा:
तिन्ही चालतील, मार्ग पूर्वेचेच आहेत. आखाती मार्गांबद्दल एक सांगतो, जून 2025 मध्ये कतारची हवाई हद्द अचानक काही तास बंद झाली तेव्हा दोह्यात किती माणसं अडकली होती आठवतं ना. पूर्वेकडे जाताना ते टेन्शन तुलनेने कमी.

विमान कुठलं आहे तेही बघ, बुकिंग करताना लिहिलेलं असतं. 787 किंवा ए350 मिळालं तर प्राधान्य दे. जुन्या विमानांत केबिनमधला दाब जास्तीत जास्त 8,000 फूट उंचीवर असतो तितका खाली जातो, या दोघांत तो 6,000 फुटांच्या आसपास ठेवतात, कारण सांगाडा कार्बन फायबरचा आहे, जास्त दाब सोसतो आणि गंजत नाही म्हणून हवाही जरा दमट ठेवता येते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज घे. तरुण माणसाला फरक कळत नाही, सत्तरीतल्या माणसाला उतरल्यावर कळतो.

दीड तासवालं नको. ते विकतात कारण किमान वेळेच्या नियमात कसंबसं बसतं. मुंबईला रात्री धावपट्टीच्या रांगेत चाळीस मिनिटं गेली की संपलं. आपल्याकडे दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात.

दूरदेशी_वैदेही:
तीन ते पाच तास. त्याहून कमी नको, त्याहून जास्तही नको. नऊ-दहा तासांचा थांबा लोक घेतात "आराम होईल" म्हणून, आराम कसला, खुर्चीत बसून मान अवघडते. चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, गालिचा आहे, झाडं आहेत, टर्मिनल तीनमध्ये फुलपाखरांची बाग आहे, एक ते तीन टर्मिनल आतल्या आत छोट्या ट्रेनने जोडलेली आहेत, बाबांना मजा येईल. तो मोठा धबधबा मात्र इमिग्रेशनच्या बाहेर आहे, तो बघायला जाऊ नका म्हणून आधीच सांगून ठेव नाहीतर फोटो बघून हट्ट धरतील.

आणि एक बारीक गोष्ट. चांगीला बहुतेक गेटांवर सिक्युरिटी गेटापाशीच होते. म्हणजे मधल्या वेळात बाटली भरली, घोट घोट पीत बसलं, आणि गेटावर परत ओतून द्यावी लागते. एकदा आत गेलं की त्या काचेच्या खोलीत बऱ्याच ठिकाणी बाथरूम नाही. बाबांना आत शिरायच्या आधी जाऊन यायला सांग, हे लिहून दे त्यांना.

चाकरमानी_कांजूर:
ही माहिती कुठल्या ट्रॅव्हल एजंटने दिली असती सांगा बरं.

डॉक्टरीणबाई_ठाणे:
बाबांच्या डायबेटिसबद्दल लिहायला आले. इन्सुलिन आहे की गोळ्या?

पार्लेकर_निनाद:
गोळ्या. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. बीपीची एक.

डॉक्टरीणबाई_ठाणे:
मग सोपं आहे, पण ग्लिमेपिराइड लक्षात ठेव. ती गोळी घेतली आणि जेवण लांबलं की साखर खाली येते. विमानात जेवण केव्हा येईल याचा भरवसा नसतो, हवा खराब असली की ट्रॉल्या थांबवतात. गोळी ट्रे समोर आल्यावरच घ्यायची, आधी नाही. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या नाहीतर साधी खडीसाखर. पूर्वेला जाताना दिवस लहान होतो, दोन गोळ्यांमधलं अंतर कमी पडतं, त्यामुळे कुठली कधी घ्यायची हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. इथे वाचून काही बदलू नका.

पायांचं: सगळ्या दीर्घ प्रवासात पोटरीत रक्त साकळायची भीती असते, वय आणि बसून राहणं दोन्ही मिळून. दर दीड-दोन तासांनी उठून गल्लीतून मागच्या किचनपर्यंत एक चक्कर. बसल्या जागी टाचा वर-खाली. पाणी पीत राहायचं. घट्ट मोजे डॉक्टर म्हणाले तरच, कारण डायबेटिसवाल्यांच्या पायातलं रक्ताभिसरण आधी बघावं लागतं. आणि दोघांनाही आयल सीट, समोरासमोरच्या आयल मिळाल्या तर फारच छान. खिडकीतून रात्री काही दिसत नाही, उगाच बाबा आत अडकतील आणि बाहेरच्याला उठवायचा संकोच म्हणून पाणी प्यायचे बंद होतील. हे मी खूप पेशंट्समध्ये बघते.

औषधं सगळी हँडबॅगेत, मूळ पाकिटात, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसकट. न्यूझीलंडमध्ये प्रिस्क्रिप्शनची औषधं तीन महिन्यांपुरती नेता येतात. तुमचा मुक्काम पाच महिने, म्हणजे पुढच्याची सोय बहिणीने तिथल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, आधी बोलून ठेवावी.

पार्लेकर_निनाद:
डॉक्टर, हे सोनं आहे. तीन महिन्यांचं तर डोक्यातच नव्हतं, बाबांनी पाच महिन्यांच्या गोळ्या आणून कपाटात रचूनही ठेवल्यात.

खवय्या_बोरिवली:
सगळं ठीक पण मुख्य मुद्द्याला कुणी हात घातला नाही. बाळंतपणाला चाललेत म्हणजे डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, मेथी, सुकं खोबरं, हे सगळं जाणार ना? ऑकलंडचं कस्टम फार कडक असं ऐकलंय.

दूरदेशी_वैदेही:
हां, आता खरा विषय आला. बसा.

पहिलं, सुकं खोबरं मुंबईतच अडतं. वाटीचं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इन बॅगेत चालत नाही, एक्स-रेमध्ये दिसलं की बॅग उघडायला बोलावतात. नेऊच नका.

दुसरं, ऑकलंडला जे अडवतात ते कस्टमपेक्षा बायोसिक्युरिटी. हा देश शेती आणि दुधावर जगतो, आपल्याकडे गुरांना होतो तो लाळ्या-खुरकूत रोग इथे कधी आलेलाच नाही, मधमाश्यांचे रोग, फळमाश्या, तण, सगळ्याला घाबरून असतात आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे खायची प्रत्येक वस्तू जाहीर करायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. विमानात दिलेलं सफरचंद पर्समध्ये टाकलं आणि विसरलं तरी जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. जाहीर केलं आणि त्यांना चाललं नाही तर ते फक्त काढून घेतात, दंड नाही. एवढा साधा हिशोब आहे पण आपल्या लोकांना वाटतं लपवलं तर सुटेल. कुत्रे फिरतात तिथे, नंतर एक्स-रे आहे, सुटत नाही.

मध बिलकुल नाही, मधाचं काहीही नाही. ताजा कढीपत्ता, आंबा, लिंबू नाही. पेढे-बर्फी, खव्याचं काही नको, दुधाच्या पदार्थांवर बंधनं आहेत. अळीव हे रुजणारं बी आहे, कच्चे नेऊन शोभा करून घेऊ नका. माझ्या सासूबाईंनी भाजलेल्या अळिवांची पुडी आणली होती, तिथला अधिकारी चिमूट हातावर घेऊन नखाने फोडून बघत होता, शेजारच्याला दाखवली, मग विचारलं हे कशासाठी. सासूबाईंनी सरळ पोटावर हात ठेवला आणि बाळ झोपवल्याची खूण केली. तो हसला, पण पुडी गेलीच कचऱ्यात. लाडू सोडले.

घरचे लाडू सोडतील की नाही हे शेवटी समोरच्या अधिकाऱ्यावर. म्हणून वेगळ्या डब्यात, सगळ्यात वर, आत काय काय आहे ते इंग्रजीत कागदावर लिहून चिकटवलेलं. आणि मनाची तयारी ठेवून. खरं सांगायचं तर सँड्रिंगहॅम आणि पापाटोएटोएला इंडियन दुकानांत डिंक, मेथी, ओवा, गोडंबीसुद्धा बघितलीय मी, आईंनी इथे येऊन ताजे वळावेत.

खवय्या_बोरिवली:
गोडंबी ऑकलंडमध्ये! आमच्याकडे बोरिवली मार्केटात शोधावी लागते.

साधीसुधी:
चपला-बूटही धुऊन न्या. गावाला शेतात घातलेले, तळाला माती असलेले बूट तिथे विचारतात, फॉर्ममध्ये तसा प्रश्न आहे.

दूरदेशी_वैदेही:
बरोबर. तो फॉर्म आता ऑनलाइन आहे, न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन, प्रवास सुरू व्हायच्या 24 तास आधीपासून भरता येतो, फुकट आहे. पैसे मागणाऱ्या नकली साइट्स भरपूर आहेत, सरकारीच साइट बघा. तू किंवा बहीण त्यांच्या वतीने भरू शकता, भरून प्रिंट काढून पासपोर्टात ठेव. दोघांचा वेगवेगळा.

चाकरमानी_कांजूर:
जेवणाचं कुणी बोललं नाही. निनाद, आईबाबा शाकाहारी असतील तर बुकिंगमध्ये "हिंदू मील" निवडू नकोस. त्यात बऱ्याच कंपन्यांकडे चिकन नाहीतर मटण असतं, फक्त बीफ नसतं. एशियन व्हेजिटेरियन निवड, कोड एव्हीएमएल. निघायच्या निदान दोन दिवस आधी टाक आणि दोन्ही टप्प्यांना पडलंय का बघ, एकाला पडतं आणि दुसऱ्याला राहून जातं हे कॉमन आहे. डायबेटिक मील वेगळं असतं, पण त्यात काय येईल याची गॅरंटी नाही, उकडलेला मासाही येतो.

पार्लेकर_निनाद:
आई कट्टर शाकाहारी, बाबा बाहेर सगळं खातात आणि आईला वाटतं ते खात नाहीत. दोघांनाही एव्हीएमएल टाकतो, घरात शांतता राहील.

गिरगावकर_जुने:
हा हा हा. वडिलांना डायबेटिक मील टाक आणि मासा येतो का बघ. आशीर्वाद देतील.

विमानवेडा:
अजून एक, तिकीट काढताना नुसतं "मुंबई" टाकलं की आता दोन विमानतळ येतात. नवी मुंबई 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालाय. पार्ल्याहून तुला सहारच सोयीचं, बीओएम कोड बघून घे, एनएमआय नको. पोचवायला चार गाड्या भरून जाऊ नका, तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत, बाहेरच्या बाहेर टाटा. परतताना मेट्रो तीनने यायचा विचार असेल तर टी2 ला स्टेशन आहे पण रात्री साडेदहानंतर गाड्या संपतात, आणि सिंगापूरची बरीच विमानं रात्री उशिरा सुटतात.

आशावादी_मुलुंड:
थेट मुंबई-ऑकलंड कधी सुरू होणार यावर कुणाला काही कल्पना?

विमानवेडा:
मार्च 2025 मध्ये एअर इंडिया आणि एअर न्यूझीलंडचा करार झाला, त्यात 2028 अखेरपर्यंत थेट सेवेची शक्यता तपासू असं जाहीर केलंय. शक्यता तपासू म्हणजे काय ते आपण मुंबईकर जाणतोच. विमानांना अंतराचा प्रश्न नाही, सिंगापूर-न्यूयॉर्क 15,300 किमी रोज उडतं. प्रश्न पुढच्या रांगांतल्या महागड्या सीट्स भरण्याचा असतो. आपले आईबाबा इकॉनॉमीत बसतात, त्यांच्यावर इतकी लांब फेरी निघत नाही.

पार्लेकर_निनाद:
अपडेट: तिकीट झालं. सिंगापूरमार्गे, एकच बुकिंग, मधे चार तास. एव्हीएमएल दोघांना, दोन्ही टप्प्यांना, चेक केलं. समोरासमोरच्या आयल सीट्सना जादा पैसे पडले, भरले. व्हीलचेअर टाकली, त्यावरून बाबांनी दोन दिवस अबोला धरला होता, "मी काय आजारी आहे का". शेवटी आईने सांगितलं व्हीलचेअरवाल्यांना इमिग्रेशनची रांग वेगळी असते, मग राजी झाले. कानाच्या मशीनवर मात्र बोलणी चालू आहेत. सगळ्यांचे मनापासून आभार.

डॉक्टरीणबाई_ठाणे:
तिथे गेल्यावर जेट लॅगचं: जानेवारीत तिथे डेलाइट सेव्हिंग असतं, भारताच्या साडेसात तास पुढे. पूर्वेकडे जाताना शरीर जुळवून घ्यायला जास्त वेळ घेतं, साधारण तासाला एक दिवस धरा. पहिला आठवडा आईबाबांना रात्री दोनला झोप आणि दुपारी बाराला चहा. दुपारी झोपू न देता सकाळ-दुपार बाहेर उजेडात फिरवणं हाच उपाय. उन्हाळा असतो, पण तिथलं ऊन त्वचेला फार लागतं, टोपी आणि सनस्क्रीन. बहिणीला सांग पहिल्या आठवड्यात त्यांच्यावर कामाचा भार टाकू नको.

आशावादी_मुलुंड:
याच धाग्यात विचारते, माझी आई एकटीच मेलबर्नला जाणार आहे सिंगापूरवरून, 74 वय. व्हीलचेअर सांगितली तर मधल्या चार तासांत तिच्याबरोबर कुणी थांबतं का?

दूरदेशी_वैदेही:
नाही थांबत. विमानातून उतरवतात, व्हीलचेअरवाल्यांच्या बसायच्या जागेत नेऊन सोडतात आणि बोर्डिंगच्या वेळी परत न्यायला येतात. मधल्या वेळात बाथरूम, पाणी, खाणं हे आपल्यालाच सांगून मागावं लागतं. आईंना दोन गोष्टी शिकवून ठेवा, बोर्डिंग पास हातातून सोडायचा नाही आणि घेऊन जाणाऱ्याला निघायच्या आधीच बाथरूम म्हणून सांगायचं. एका कागदावर मोठ्या अक्षरात फ्लाइट नंबर, सुटायची वेळ, "मला कमी ऐकू येतं" किंवा "मला फक्त मराठी-हिंदी येतं" असं इंग्रजीत, आणि तुमचा व तिकडच्या मुलाचा नंबर. आमच्या आईने तो कागद प्लास्टिकच्या पाउचमध्ये घालून गळ्यात अडकवला होता. त्याच विमानाने जाणारं कुणी मराठी कुटुंब सापडलं तर सोन्याहून पिवळं, तारीख ठरली की इथेच टाका.

आशावादी_मुलुंड:
तारीख 9 मार्च, रात्रीचं विमान. कुणी आहे का?